वहिनीचा तास

आमच्या घरात पुठ्ठा कधी फेकला गेला नाही. बुटांचे खोके, औषधांच्या रिकाम्या बाटल्या, मोडक्या छत्रीच्या काड्या, सायकलची फाटकी ट्यूब, जे जे म्हणून शहाण्या घरातून कचऱ्यात जातं ते आमच्याकडे कपाटात जायचं, आणि कपाटात मावेनासं झालं की माझ्या पलंगाखाली. याला कारण माझी वहिनी. ती शाळेत विज्ञान शिकवायची. मी त्याच शाळेत भाषा शिकवते. माझ्या विषयाला एक खडू आणि बरा आवाज एवढंच लागतं, हे मी तिला वेळोवेळी ऐकवत असे. त्यावर ती म्हणायची, "वन्सं, तुमचा विषय हवेवर चालतो." मी तिच्याहून चांगली लहान, पण मला चिडवायचं असलं की ती 'वन्सं' म्हणायची आणि अहोजाहो करायची.

माझा दादा बसडेपोच्या वर्कशॉपमध्ये कामाला. त्याच्या डब्याच्या पिशवीतून रोज काहीतरी घरी यायचं: घासून बाद झालेलं बेअरिंग, स्प्रिंग, वायरीचे तुकडे. दुसऱ्यांचे नवरे येताना फुलं आणतात, माझा बेअरिंग आणतो, असं वहिनी शेजारणींना सांगायची. सांगताना तिचा चेहरा असा काही खुलायचा की फुलं आणणाऱ्या नवऱ्यांच्या बायकांनाच कमीपणा वाटावा. त्यांना मूलबाळ नव्हतं. त्याचं दुःख तिला होतं, पण ते तिनं कुणाला वाटायला दिलं नाही.

तिच्या वर्गाची एक रीत होती, ती आधी सांगायला हवी. धडा कुठलाही असो, मुलांनी आधी तो बांधून आणायचा. पुठ्ठ्याचं धरण, फुग्यांचं फुप्फुस, सुताची आणि रिळांची क्रेन. ज्यानं मॉडेल बनवलं त्यानं ते टेबलावर ठेवून बाजूला उभं राहायचं आणि तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. बाकीच्यांनी ते चालवून बघायचं, काय दिसतं ते सांगायचं, आणि पटलं नाही तर वाद घालायचा. बाई खिडकीपाशी उभ्या असायच्या आणि अधूनमधून एवढंच म्हणायच्या, "मग?" साऱ्या शाळेत तिचं नाव 'मग-बाई' पडलं होतं. तिला ते माहीत होतं आणि आवडतही होतं.

उत्तर ती कधीच सांगत नसे. यावरून पालकांनी तक्रारी केल्या, की बाई काही शिकवतच नाहीत, आमचीच पोरं एकमेकांना शिकवतात. एकदा कुणाच्या तरी रक्ताभिसरणाच्या मॉडेलची नळी सुटून लाल पाणी मुख्याध्यापकांच्या पँटवर उडालं, तेव्हा तर प्रकरण हातघाईवर आलं होतं. पण मी रिकाम्या तासाला कधीकधी तिच्या वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसायची, आणि मला तिची मखलाशी कळली होती. वर्ग भलतीकडे चालला की ती एखादी साधीशी वस्तू आणून टेबलावर ठेवायची, किंवा नेमक्या त्या मुलाकडे बघून "मग?" म्हणायची ज्याच्या मनात शंका घोळत होती. गाडी आपोआप रुळावर यायची. मुलांना वाटायचं, आपणच शोधलं. चुकीचं उत्तर घेऊन एकही वर्ग तिच्या दारातून बाहेर पडला नाही. हे सगळं ती इतक्या हलक्या हातानं करायची की बाहेरून बघणाऱ्याला ती नुसती उभी आहे असंच वाटावं.

आणि याच गोष्टीनं पुढे आम्हा सगळ्यांना चकवलं.

निवृत्तीला काही वर्षं उरली असताना वहिनी जरा विसराळू झाली. किल्ल्या, चष्मा, गॅसवरचं दूध. या वयात कोण विसरत नाही? मी तिला टोमणे मारायची, ती हसायची. वर्गात तिचं बोलणं आणखी कमी झालं होतं. पूर्वी तासाला चारदोन वाक्यं तरी व्हायची, आता "मग?" शिवाय काही नाही. मुख्याध्यापक मला म्हणाले, तुमच्या वहिनींची पद्धत आता अगदी मुरली आहे. मीही मान डोलावली. एकदा तिनं वर्गाला विचारलं, लोखंड पाण्यात बुडतं की तरंगतं? मुलं खूश झाली, की बाईंनी आज काहीतरी मोठा सापळा लावलाय, आणि तासभर जहाजांवर वाद घातला. सापळा नव्हताच. तिला ते आठवत नव्हतं. ज्या बाई कधी उत्तर सांगतच नाहीत, त्यांना उत्तर येईनासं झालंय हे कुणाला कळणार?

कळलं ते तोंडी परीक्षेत. तोंडीला आमच्याकडे वर्ग अदलाबदल करून देतात, म्हणजे आपल्या मुलांना आपणच मार्कांची खिरापत वाटू नये. वहिनीच्या वर्गाची तोंडी घ्यायला दुसऱ्या तुकडीचे विज्ञानाचे सर गेले. मुलं त्यांना 'गाईड सर' म्हणायची, कारण ते हातात गाईड धरून एकेक उत्तर स्वल्पविरामासकट सांगायचे आणि मुलांनी ते उतरवून घ्यायचं. त्यांच्याबद्दल माझं मत फारसं चांगलं नव्हतं.

परीक्षा आटोपून ते शिक्षकांच्या खोलीत आले आणि सरळ माझ्या टेबलापाशी येऊन बसले. खोलीतले बाकीचे जाईपर्यंत ते उगाच पेनाचं टोपण काढत-घालत राहिले. मग हळू आवाजात त्यांनी सांगितलं, की चंद्र कधी अर्धा, कधी कोरीएवढा का दिसतो, हा प्रश्न त्यांनी विचारला होता. पहिल्या मुलीनं सांगितलं, पृथ्वीची सावली चंद्रावर पडते म्हणून. ते म्हणाले, चूक. तर ती मुलगी त्यांच्याशी भांडली. दुसरा आला, त्याचंही तेच उत्तर, आणि तोही भांडला. अख्खा वर्ग एकजात तेच सांगत होता. आम्ही मॉडेल करून पाहिलंय सर, मध्ये पृथ्वी आली की चेंडू अर्धा काळा होतो, तुम्ही पाहिलंय का करून?

"पृथ्वीची सावली पडते ते ग्रहणात," सर म्हणाले. "रोजचा चंद्र त्यामुळे कमीजास्त होत नाही. बाईंना हे माहीत नसणं शक्य नाही. म्हणून मी कुणाला बोललो नाही. आधी तुम्हाला सांगितलं."

त्यांना हे चारचौघांत सांगून मिरवता आलं असतं. त्यांनी तसं केलं नाही. माझं मत मला बदलावं लागलं, आणि मत बदलणं मला कधी सोपं गेलेलं नाही.

संध्याकाळी वहिनी स्वयंपाकघरात भाजी निवडत बसली होती. मी तिला सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ती हसेल, म्हणेल की अगं, पुढच्या आठवड्यात तेच तर मोडायचं होतं मला. ती म्हणाली, "मग?"

मी वैतागले. घरात ही थेरं नकोत म्हटलं, सरळ सांग, बरोबर काय आहे?

तिचा हात थांबला. ती माझ्याकडे बघत राहिली, मग खिडकीकडे, मग पुन्हा माझ्याकडे. तिच्या ओठांवर शब्द येत होता आणि परत जात होता. शेवटी ती म्हणाली, "मला वाटतं, मला माहीत होतं."

दारात दादा उभा होता. त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि कळलं, की याला सगळं ठाऊक आहे. तो तिला डॉक्टरांकडे घेऊन गेला होता, तपासण्या झाल्या होत्या, आजाराला नाव होतं आणि त्या नावापुढे उपाय असा काही नव्हता. रोज सकाळी मी उठायच्या आत, चहा पिताना, तो पुस्तक उघडून तिच्याकडून त्या दिवसाचा धडा घोकून घ्यायचा. स्वतः दहावीनंतर शाळेचं तोंड न पाहिलेला माझा भाऊ या वयात प्रकाशाचं परावर्तन पाठ करून बसला होता. तरी मी त्याच्यावर तुटून पडले. एका घरात राहून मला परक्यासारखं ठेवलंत, तोंडात मिठाची गुळणी धरून बसलात, वर्गातल्या पोरांचा तरी विचार करायचा होतास! उत्तर दिलं वहिनीनं.

"मीच त्याला शपथ घातली होती," ती म्हणाली. "त्याला रागावू नकोस. मला वाटलं होतं, घोकून घोकून वर्ष निघेल." मग म्हणाली, "पण चुकीचं शिकवून मी नाही जाणार. मला तो एक तास हवाय. तेवढा मिळवून दे."

दुसऱ्या दिवशी मी आणि दादा मुख्याध्यापकांपुढे बसलो. ते माणूस म्हणून वाईट नाहीत, पण भित्रे आहेत. त्यांचं म्हणणं असं, की बाईंनी आजारपणाची रजा टाकावी, समारंभ वगैरे आपण नीट करू, आणि त्या धड्याचं बरोबर उत्तर गाईड सर फळ्यावर लिहून देतील, पाच मिनिटांचं काम. उगाच वर्गात काही भलतं झालं, पालकांच्या कानावर गेलं, तर मागच्या सगळ्या वर्षांवर लोक बोट दाखवतील. एका दृष्टीनं त्यांचं खरं होतं. एवढ्या वर्षांची तिची पुण्याई त्या एका तासात मातीला मिळाली असती.

हे मी घरी येऊन सांगितलं तेव्हा वहिनीचं डोकं अगदी स्वच्छ होतं. असे तास तिला अजून मिळत असत. ती म्हणाली, "फळ्यावर लिहून काही होणार नाही. मुलं ते उतरवून घेतील आणि मनात सावलीच धरून ठेवतील. त्यांनी ते आपल्या हातानं बांधलंय. आता मोडायचं तर त्यांनाच मोडावं लागेल."

मी हे वाक्य मुख्याध्यापकांना जसंच्या तसं सांगितलं. मी भाषेची बाई आहे, कुणाचं वाक्य कुठं जसंच्या तसं ठेवावं एवढं मला कळतं. ते बराच वेळ पेपरवेट फिरवत राहिले आणि शेवटी म्हणाले, ठीक आहे, पण तुम्ही वर्गात बसायचं, आणि काही बिघडलं तर तास हातात घ्यायचा. विज्ञानाचा तास मी हातात घेऊन काय करणार होते ते त्यांनाच माहीत.

मधल्या दिवसांत आमच्या स्वयंपाकघरात रोज संध्याकाळी तालीम चालली. दिवे बंद करून दादा एका कोपऱ्यात बल्ब धरून उभा राहायचा आणि वहिनी चेंडू हातभर पुढे धरून स्वतःभोवती फिरायची. जमलं की दोघं लहान मुलांसारखी हसायची. एखाद्या दिवशी मात्र ती मध्येच थांबायची आणि हातातल्या चेंडूकडे, हा कुणी दिला, अशा नजरेनं बघायची. दादा म्हणायचा, "चल, पहिल्यापासून." मी वरच्या खोलीत जाऊन दार लावून घ्यायची. मला ते बघवत नसे.

तासाच्या दिवशी मुलांनी खिडक्यांना पुठ्ठे लावून वर्ग काळोखा केला होता. टेबलावर दिवा, मध्ये पृथ्वी म्हणून फुटबॉल आणि पलीकडे तारेला लावलेला पांढरा चेंडू. हे मॉडेल ज्यानं बनवलं होतं त्या उंच, लुकड्या मुलाला सगळे 'इंजिनिअर' म्हणायचे. रीतीप्रमाणे तो बाजूला हाताची घडी घालून गप्प उभा होता. मी मागच्या बाकावर बसले. दाराबाहेर गाईड सर उभे होते. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं.

वहिनीनं सुरुवात छान केली. आपण मागे जे ठरवलं ते मला पुन्हा बघायचंय, म्हणाली. चेंडू फिरवायला लावला. तो फुटबॉलच्या मागे गेला, त्याच्यावर सावली आली, अर्धा काळा झाला. मुलं म्हणाली, बघा बाई. वहिनी म्हणाली, "मग?" आणि पुढचं वाक्य बोलण्यासाठी तिनं तोंड उघडलं.

वाक्य आलं नाही.

ती दिव्याकडे बघत उभी राहिली. मुलं वाट बघत होती. त्यांना याचं काहीच नवल नव्हतं, बाई अशाच थांबायच्या. पण मला तिचा हात दिसत होता, तो टेबलाची कड चाचपत होता. मी उठायला लागले. दारातून गाईड सरांनी मला मानेनं नको म्हटलं, आणि त्या माणसाला त्या क्षणी गप्प राहणं किती जड जात असेल हे मला दिसत होतं.

मग वहिनी मुलांकडे वळली.

"मला पुढचं आठवत नाही," ती म्हणाली. "तुम्हाला वाटतं मी मुद्दाम विचारते. पूर्वी मुद्दाम विचारायची. आता मला आजार झालाय, मी विसरते. आपण जे ठरवलं ते चुकलंय, एवढं मला माहीत आहे. कुठं चुकलंय ते मला खरंच माहीत नाही."

मुलं एकमेकांकडे बघायला लागली. पुढच्या बाकावर एक मुलगी होती, सतत शंका काढायची म्हणून तिला 'शंका' म्हणत. तीच पहिल्यांदा गाईड सरांशी भांडली होती. ती उभी राहिली. तिचे डोळे भरले होते आणि तिला त्याचा राग आलेला दिसत होता.

"चुकलंय हे नक्की का बाई?"

"नक्की."

ती टेबलापाशी आली. मग मागून कुणीतरी म्हणालं, की काल मैदानावर खेळताना अर्धा चंद्र दिसत होता आणि ऊनही होतं. पहिल्यांदा कुणी लक्ष दिलं नाही. शंकानं दिलं. ऊन होतं म्हणजे सूर्य वर होता? चंद्रही वर होता? दोघंही आपल्याच डोक्यावर? मग आपण दोघांच्या मध्ये कसे येऊ? कुणीतरी म्हणालं, मध्ये न येता सावली कशी पडेल? गलका सुरू झाला. कुणी बाकावर चढलं. वहिनी एकेकाच्या तोंडाकडे आळीपाळीनं बघत होती. ती त्यांना तपासत नव्हती. ती शिकत होती, आणि हे सगळ्या वर्गाला दिसत होतं, म्हणून ती मुलं जीव तोडून तिला समजावत होती. कुणाला उगाच बोलायचं नव्हतं. आपण चुकीचं सांगितलं तर बाई चुकीचंच धरून बसतील, याची त्यांना धास्ती होती.

शेवटी इंजिनिअरनं रीत मोडली. तो गप्प राहणं सोडून पुढे आला, फुटबॉल उचलला आणि खाली ठेवून दिला. आता दिवा आणि चेंडू यांच्यामध्ये काहीही नव्हतं. तरी चेंडू अर्धाच उजळलेला होता.

बाकांवरून सगळी मुलं पुढे वाकली.

"सावली नाहीच," तो म्हणाला. "अर्धा कायम उजेडातच असतो. आपण कुठून बघतो त्यावर आहे." आणि त्यानं वहिनीच्या दंडाला हळूच धरलं आणि तिला टेबलाभोवती चालवलं. एका बाजूनं चेंडू पूर्ण उजळ, मग अर्धा, मग कोरीएवढा, मग काळा. ती चालता चालता म्हणत होती, "अच्छा. अच्छा." ते तिनं सोंग म्हणून म्हटलेलं नव्हतं.

घंटा झाली तरी कुणी हललं नाही. शंकानं विचारलं, "बाई, तुम्हाला कळलं का?"

"कळलं," वहिनी म्हणाली. "छान सांगितलंत." मग तिनं खडू खोक्यात ठेवला, टेबल पुसलं, आणि उद्यापासून तुम्हाला सर शिकवतील असं सांगितलं. दाराशी गाईड सर बाजूला झाले. घरी येताना ती रस्ताभर मोकळ्या मनानं बोलत होती, आणि मी डोळे पुसत होते. मला तिचा इतका अभिमान वाटत होता की तो मावत नव्हता, आणि हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "वन्सं, रस्त्यात रडू नका, लोक म्हणतील वहिनी छळते."

वर्ग पुढे गाईड सरांकडे गेला. गाईड त्यांनी घरी ठेवलं, पण "मग?" म्हणून थांबणं काही त्यांच्या अंगी मुरेना. ते विचारतात, घाबरतात, आणि स्वतःच उत्तर देऊन टाकतात. मुलं त्यांना सांभाळून घेतात.

वहिनीचं मात्र भराभर ओसरत गेलं. आधी शाळेचा रस्ता गेला, मग शेजारणींची नावं, मग पदार्थांची चव सांगता येईना. दादानं नोकरी लवकर सोडली. माझ्या पलंगाखालचा पुठ्ठा अजून तसाच आहे, काढायला हात होत नाही.

वर्षाच्या शेवटी मुलांनी आपली सगळी मॉडेलं शाळेच्या हॉलमध्ये मांडली आणि बाईंना घेऊन या म्हणून ती माझ्या मागे लागली. दादा नको म्हणत होता, तिला गर्दीत भीती वाटते. मी नेलं. तिनं माझा हात घट्ट धरला होता. टेबलांमधून आम्ही हळूहळू फिरलो. एका ठिकाणी इंजेक्शनच्या सिरिंज आणि पाण्याच्या नळ्या लावून दोन मुलींनी ओझं उचलणारा हात बनवला होता. त्या दोघी ओठ मिटून बाजूला उभ्या होत्या आणि लहान वर्गातली पोरं सिरिंज दाबत आपसात भांडत होती, पाणी ढकलतं की हवा. वहिनी तिथे थांबली. तिची माझ्या हातावरची पकड सैल झाली. ती बराच वेळ ऐकत राहिली, एकेका मुलाकडे बघत, मन लावून. तिच्या चेहऱ्यावर असं समाधान मी कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं.

मग ती माझ्या कानाशी वाकली.

"किती छान बोलतात गं ही मुलं," ती म्हणाली. "कुणी शिकवलं त्यांना?"

मी सांगितलं, "तूच शिकवलंस, वहिनी."

ती माझ्याकडे बघून हसली. अनोळखी माणसानं आपलं उगाच कौतुक केलं की आपण हसतो तसं, संकोचून.

"छे, काहीतरीच," ती म्हणाली. "मला कुठं येतं एवढं." आणि ती पुन्हा त्या मुलांचं ऐकायला लागली.